खंडेनवमीची मोटार

खंडेनवमीच्या सकाळी मी नको ती बातमी नको त्या माणसाला दिली.

शाळेत शिकवायला जाताना वाटेत सोलापुरातल्या एका गिरणीमालकाचा बंगला लागे. त्यांचा ड्रायव्हर ती लांबलचक विलायती मोटार रोज स्वतःच्या उपरण्याने पुसायचा. त्या दिवशी तो तिला झेंडूचा हार घालत होता. मला ज्ञान पाजळायची भारी हौस. म्हणालो, "कंपनीनं ही गाडी बनवायचं बंद केलंय. सुटे भाग मिळायचे नाहीत. मालक आता विकणारच."

त्याचा हात थांबला.

"म्हंजी हिच्यासारखी आता व्हायची न्हाय?"

"नाही."

बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने बॉनेटवरून हात फिरवला. मग मला न्याहाळून म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखंबी दुसरं कुटं बनतंय? घरच्यांनी काढलंय व्हय तुमास्नी इकायला?"