कुडाळच्या काकांचा काळा-पांढरा खून

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका खुनावर मनापासून जीव असलेला, आणि त्याच वेळी घरातलं झुरळ पोस्टकार्डावर अलगद घेऊन जास्वंदीखाली सोडून येणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या सिंधुदुर्गात सापडायचा नाही. काकांनी कुडाळात चौतीस वर्षं कोर्टाची कारकुनी केली. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून बांधांची भांडणं गेली, शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेले फणस गेले, एकाच काजूच्या झाडावरून चाललेली तीन पिढ्यांची भाऊबंदकी गेली. पण मनासारखा एक खून काही आला नाही. "जावयबापू, चौतीस वर्सांत एक तरी देखणी बाई खून करून येवक होयी होती! एक तरी!" असं ते मला सांगत, तेव्हा त्यांच्या आवाजात बढती हुकलेल्या माणसाची खंत असे.

निवृत्तीनंतर मुलीने घेऊन दिलेल्या मोबाइलवर काकांना जुने परदेशी गुन्हेपट सापडले. काळे-पांढरे, धुराने भरलेले, ज्यांत सगळे पुरुष टोपी तिरकी घालून भिंतीला टेकलेले असतात आणि सगळ्या बायका खोटं बोलतात. काकांना त्यातलं इंग्रजी फारसं कळत नसे, पण त्याने काही अडलं नाही. भर मे महिन्यात ते पडवीत रेनकोट घालून बसू लागले. सोलकढीचा पेला हातात धरून तो न पिता नुसता हलवत राहू लागले. दारावर येणाऱ्या मालवणच्या मासेवालीला त्यांनी एकदा डोळे बारीक करून विचारलं, "हे बांगडे काल रातीक खंय होते?" ती म्हणाली, "दर्यात! आणि खंय असतले?" काकांनी मान डोलावली, पण त्यांची खात्री पटलेली दिसली नाही.

असा माणूस एक ना एक दिवस सिनेमा काढणार हे उघडच होतं. पहिल्यांदा त्यांनी जिवंत माणसं घेऊन पाहिली. मी मालवणात शाळामास्तर आहे आणि रविवारी रिकामा असतो, एवढ्या गुणावर मला गुप्तहेराची भूमिका मिळाली आणि दोन रविवारांत ती गेलीही. "तुमच्या चेऱ्यार संशय दिसना नाय, भूक दिसता," हे काकांचं निरीक्षण मला मान्य करावं लागलं, कारण आतून काकींच्या तळलेल्या माशांचा, म्हणजे काकांच्या भाषेत 'तुकड्यांचा' वास येत होता. नायिका तर मिळेचना. सिगारेट ओढून नवऱ्याचा खून करणारी बाई व्हायला कुडाळ तालुक्यातली एकही बाई तयार होईना. शेवटी काकांनी ठरवलं की बाहुल्या घ्यायच्या. "बाहुलेक घोव नसता," ते म्हणाले, "भांडूक कोण येवचो नाय."

बाहुल्या होत्या बाबांकडे. बाबा म्हणजे जवळच्याच गावातले दोऱ्यांवर बाहुल्या नाचवणारे म्हातारे कलावंत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळांतून रामायण नाचवलं गेलेलं. पण अलीकडे बोलावणी आटली होती, मुलगा कारखान्यात पाळीवर जाऊ लागला होता, आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेल्या त्या बाहुल्या पेटीत पडून होत्या. मालवणच्या एका रिसॉर्टवाल्याला त्या जेवणघराच्या भिंतीवर टांगायला हव्या होत्या आणि बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. नेमके त्याच आठवड्यात काका त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबानू, माका एक खून करूचो आसा." बाबांनी त्यांना आधी पाणी दिलं.

दोघांचं जमलं, पण बाबांच्या अटी होत्या. सिनेमात सगळ्यात आधी गणपतीची बाहुली नाचली पाहिजे, ही पहिली. त्यामुळे काकांचा गुन्हेपट गणेशवंदनेने सुरू होतो. सीता सिगारेट ओढणार नाही, ही दुसरी. खलनायक म्हणून रावण मिळेल, पण त्याचं एकही डोकं काढायचं नाही, ही तिसरी. "लाकडाचो असलो तरी तेचो मान आसा," बाबा म्हणाले. काकींनी मग बसून दहा छोट्या टोप्या शिवल्या. आणि नायिका? नायिका म्हणून पेटीत एकच देखणी आणि चारित्र्याने सोयीची बाई होती, ती म्हणजे शूर्पणखा. तिला काळी साडी नेसवली, केसांत गजरा माळला, आणि खरं सांगतो, ती मान खाली करून बघू लागली की मलाच चोरट्यासारखं वाटे. तिच्यात एवढीच अडचण होती की तिचं नाक सुटं होतं. रामायणात ते कापलं जातं, म्हणून खास एक दोरी लावलेली. ती दोरी जरा जास्त ओढली गेली की नाक खाली.

चित्रण भर दुपारी, पडवीच्या खिडक्यांना गोणपाट लावून चाले. पाऊस झारीने पडे. सिगारेटच्या जागी उदबत्ती असे, त्यामुळे धूर निघाला की बाबा सवयीने हात जोडत आणि गुप्तहेराची बाहुली दोऱ्यांसकट जमिनीवर कोसळे. मोबाइल मी धरायचो, चित्रणाचे तुकडे माझी बायको जोडायची. संवाद काकांचे. आयुष्यभर त्यांनी जी भाषा लिहिली तीच त्यांनी इथेही लिहिली. "सदर रात्री सदर स्त्री माझ्या कचेरीत समक्ष हजर झाली," असं त्यांचा गुप्तहेर धुरात उभा राहून म्हणतो. त्यावर शूर्पणखा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून विचारते, "मजवर प्रेम करण्यास आपली काही हरकत आहे काय?" हा आवाज काकींचा. काकी फार गोड बोलल्या, फक्त एका प्रसंगात त्या मधेच "अगो बाये, भात करपलो!" असं ओरडून उठल्या, आणि दृश्य इतकं चांगलं जमलं होतं की काकांनी ते तसंच ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्हाला हे सगळं गमतीचं वाटत होतं, पण काकांना मुळीच नाही. ते एका खिन्न, भयाण, माणसाच्या काळजातला अंधार दाखवणाऱ्या सिनेमासाठी झटत होते. आम्हाला हसू येतं हे त्यांना सांगायचं धैर्य आमच्यापैकी कुणाला झालं नाही.

पहिला खेळ मसुऱ्यात एका देवळाच्या सभामंडपात झाला, रविवारी संध्याकाळी. काका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. गणपती नाचला, लोकांनी हात जोडले. मग दहा टोप्या घातलेला रावण दारातून तिरका होऊन आत यायची धडपड करू लागला आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी वळून पाहिलं. भात करपला तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. आणि शेवटी, पाऊस पडतोय, गुप्तहेर शूर्पणखेचा हात धरून म्हणतो, "तूच खून केलास, हे शाबीत झाले आहे," ती मान वर करते, आणि तिचं नाक टपकन तिच्या स्वतःच्या हातात पडतं. मंडप फुटायचा बाकी राहिला. काका उठले आणि सरळ बाहेर चालते झाले.

मी धावलो, पण बाबा माझ्या आधी पोचले होते. एसटीच्या थांब्यावर काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"बाबानू, मी खून दाखवलंय," ते म्हणाले, "आणि माणसां हसली."

बाबा त्यांच्या शेजारी बसले. जरा दम घेऊन म्हणाले, "पन्नास वर्सां मी रामायण नाचयतंय. शेवटाक देवळात चार माणसां उरतत, त्यातली दोन निजलेली. आज माणसां दारात उबी रवान बघी होती."

"पण ती माका हसली."

"तुमका नाय ओ. शूर्पणखेक हसली. इतकी वर्सां ती नाक कापून घेवन नुसती रडता. आज पयल्यांदाच कोणतरी तिका बघून खूश झालां."

एक एसटी आली, थांबली, आणि आमच्यापैकी कुणी चढत नाही म्हणून कंडक्टरने वैतागून घंटा मारली. तेवढ्यात देवळातून निरोप आला की लोक जागचे हलत नाहीत, सिनेमा परत लावा म्हणतात. काका उठले, सदरा खाली ओढला, मंडपात गेले आणि पडद्यापुढे उभे राहून कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात म्हणाले, "सदर चित्रपट विनोदी आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी." त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तिथे झाला, आणि या वेळी तो काकांनी स्वतःहून घेतला होता. दुसऱ्या खेपेला शूर्पणखेचं नाक पडलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते; डोळे मात्र भरलेले होते.

रिसॉर्टवाल्याला बाबांनी नाही म्हणून कळवलं. त्यानंतर तो सिनेमा मालवणात लागला, कणकवलीत लागला, आणि दरवेळी बाबांना लोक गराडा घालून बाहुल्या बघायला मागत. दुसऱ्या सिनेमाची कथाही काकांनी लिहून काढली. पण यंदा बाबांची नजर फारच अधू झाली आणि हात थरथरू लागला. चहा पिताना बशी वाजते. मुलगा पेटी उचलून देतो, बाहुल्यांवर जीव आहे त्याचा, पण पाळ्या करून घरी येतो तेव्हा दोऱ्या धरायचं त्राण त्याला उरत नाही. घराबाहेर ही विद्या कधी गेली नव्हती. एका दुपारी बाबा काकांना म्हणाले, "हात फुडे करा," आणि दोऱ्या त्यांच्या बोटांत अडकवल्या.

मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा पडवीत दोघेच होते. काका स्टुलावर उभे, चौतीस वर्षं शिक्के मारून जड झालेली बोटं पसरून, आणि खाली रामाची बाहुली ताडी प्यायल्यासारखी चालत होती. बाबा तिकडे बघतच नव्हते. डोळे मिटून, लाकडी पावलांचा जमिनीवरचा आवाज ते ऐकत होते.

"उजवो पाय ओढता हां," ते म्हणाले.

"होय," काका म्हणाले, आणि बाहुलीला पुन्हा दाराशी नेऊन उभं केलं. बाबांनी मान किंचित कलती केली. मी चपला न वाजवता पायरीवरच बसून राहिलो.