दोन गुणांची व्याख्या

नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. भांडवलशाही, समाजवाद, मिश्र अर्थव्यवस्था हे प्रकरण मला झोपेतही शिकवता येईल, आणि काही वर्षं मी ते बहुधा तसंच शिकवत होतो. तीन रकाने आखायचे, गुण-दोष लिहायचे, उदाहरणं द्यायची. मुलं उतरवून घेतात आणि घंटा झाली की विसरतात. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

या प्रकरणात मुलं नेहमी एकाच शब्दावर अडकतात. ‘भांडवल’ हा शब्द त्यांनी पुस्तकाआधी बातम्यांत आणि भांडणांत ऐकलेला असतो. विरोधकांनी घटनेचं भांडवल केलं. जावेनं माझ्या बोलण्याचं भांडवल केलं. त्यामुळे भांडवल ही करायची गोष्ट आहे आणि ती वाईट आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग यंत्रं, इमारती, अवजारं म्हणजे भांडवल असं सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात.

दोन वर्षांपूर्वीच्या घटक चाचणीत ‘भांडवलदार म्हणजे काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न होता. अकरावीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘दुसऱ्याच्या अडचणीचं भांडवल करतो तो भांडवलदार. उदा. सकाळी नाक्यावर ज्या बायकांना काम मिळत नाही त्या दहा वाजेपर्यंत उभ्या राहतात. मग मुकादम येतो आणि त्यांना कमी मजुरीत नेतो. दहा वाजलेत हे त्याला माहीत असतं.’

मी शून्य दिलं. व्याख्या पुस्तकातली नव्हती. पण उत्तर मला आवडलं, आणि आवडलेलं उत्तर पोटात ठेवायची मला सवय नाही. मी ते वर्गात वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, ‘पेठ तालुक्याकडच्या एका मुलीचं उत्तर’ एवढंच म्हणालो. वर्गात पेठकडची मुलगी एकच होती. मुलं खदखदून हसली. माझा तास इतका रंगला नव्हता कधी.

मग दुसऱ्या तुकडीत वाचलं. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. पुढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ‘मुलांच्या गमतीदार चुका’ असा विषय निघाला, तिथेही सांगितलं. दर वेळी त्यात थोडा मसाला वाढत गेला. तिची आई शहरातल्या पेठ नाक्यावर मजुरीसाठी उभी राहते आणि हंगामात निफाडकडच्या द्राक्षबागांत जाते, हे मला शिष्यवृत्तीचा अर्ज तपासताना कळलं होतं. तेही मी घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

कुणीतरी मोबाईलवर ते चित्रित केलं होतं. ते शिक्षकांच्या ग्रुपवरून मुलांच्या ग्रुपवर गेलं आणि मुलगी वर्गात यायची थांबली. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिलो. बाराव्या दिवशी ती आईला घेऊन आली. तिला दाखला हवा होता.

सत्राच्या मध्यावर दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. दाखला घेतला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं की तीही आईबरोबर बागांत जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी आईला खुर्ची दिली आणि वर्ष वाया घालवू नका वगैरे बोलू लागलो. त्या माउलीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, पोरीच्या मोबाईलवर पाह्यलं मी. तुम्ही आमच्याबद्दल बोलत व्हते. आमी नाक्यावर उभं राहतो, ते बरोबर हाय. पण लोकं हसत व्हते. त्यात हसण्यासारखं काय व्हतं, ते मला समजलं नाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पंधरा वर्षं शिकवण्याचा धंदा केलेल्या माणसाला ते समजावून सांगता येईना. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी टेबलावरचे कागद सारखे केले.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “सर, ते उत्तर चुकलं होतं ना? मग तुम्ही ते सगळीकडे का नेलं?”

मी म्हणालो, चुकलं माझं. हे वर्गात सांगाल का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. दाखल्याचा अर्ज तिने परत घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. ते उत्तर पुन्हा वाचलं, त्यात मागणी-पुरवठा कसा आहे, वाट बघण्याची किंमत कोण मोजतं, हे फळ्यावर मांडून दाखवलं आणि शून्य खोडून दोन केले. या वेळी कुणी हसलं नाही. ती तिसऱ्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेत होती. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर ती रोज आली, बारावीपर्यंत. पण त्या चाचणीनंतरच्या तिच्या एकाही पेपरात नाका नव्हता, बाग नव्हती, मुकादम नव्हता. प्रत्येक व्याख्या पुस्तकातली, स्वल्पविरामासकट. उदाहरणं कापड गिरणीची आणि मोटार कारखान्याची, मी फळ्यावर लिहून दिलेली. ते पेपर मी दोन-दोनदा वाचायचो, एखादं वाक्य तिचं सापडतं का बघायला. सापडायचं नाही. मग पैकीच्या पैकी गुण द्यायचो आणि पुढचा पेपर ओढायचो.