मामीचं ‘असू दे’

माझा मामा ट्रॉम्बोन वाजवतो, हे लहानपणी शाळेत सांगायची सोय नव्हती. “म्हणजे काय?” असं मुली विचारायच्या. मग मी एक मूठ तोंडाशी धरून दुसरा हात पुढेमागे करायची आणि अख्खा वर्ग खो-खो हसायचा. मला त्या वर्गाचा अजून राग आहे.

तर आता नीट सांगते. या वाद्याला बटणं नसतात. एक लांब नळी पुढेमागे सरकवायची. तिच्यावर सुरांच्या सात जागा, आणि खूण एकीचीही नाही, सगळ्या कानानेच शोधायच्या. मामा लेथवर काम करायचा त्या कारखान्याचा बँड होता. त्यात बाकीच्या वाद्यांवर आधीच लोकांनी हात मारला होता, हे तेवढं उरलं होतं. मामाची खोली इतकी आखूड की सातव्या जागेला नळी खिडकीबाहेर जायची. एकदा शेजारणीने तिच्यावर ओला मोजा वाळत घातला. मामाने मोज्यासकट धून पूर्ण केली.

पुढे कारखाना सुटला. मामा आधी हॉटेलातल्या नाचाच्या बँडमध्ये गेला आणि तिथून जॅझकडे वळला. जॅझमध्ये ठरलेली धून वाजवून झाली की ज्याने त्याने उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं असतं. आमच्या घराण्यात बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे मामा तिथे फार लवकर नावारूपाला आला.

मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या ‘हॅलो’वरून ती माणूस ओळखायची, आणि तो खोटं बोलतोय का तेही. एक्स्चेंजच्या वार्षिक कार्यक्रमात मामाचा बँड वाजला. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा ही सरळ स्टेजपाशी गेली आणि म्हणाली, “तुमचा तो खालचा सूर दोन्ही वेळा जरा उतरला.” उतरला होताच. आठवड्याने मामाने एक्स्चेंजला फोन लावून तिला लग्नाचं विचारलं.

“अहो, लाइनवर चार जण ऐकताहेत,” मामी म्हणाली.

“ऐकू देत की.”

रेकॉर्ड काढायचं खूळ मात्र रागातून आलं. एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मामाला ‘तुमचं वाद्य फार ओरडतं’ म्हणून पार संडासाच्या दाराशी उभं केलं. रेकॉर्ड आली तेव्हा ट्रॉम्बोन शेजारच्या घरात वाजतोय असं वाटत होतं. मामाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने स्वतःची कंपनी काढली आणि बटणांचं एक जुनं गोदाम भाड्याने घेऊन भिंतींना गाद्या ठोकल्या. अजूनही तिथे फरशीच्या फटीतून कोटाची बटणं निघतात. वाजवणारे सगळे एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे गोल बसायचे. तुकडे जोडून केलेली रेकॉर्ड मामाला मुळीच चालायची नाही.

मी ध्वनिमुद्रण शिकून आले तेव्हा मामाने मला मिक्सरवर बसवलं. पण निकाल कधीच माझ्या हातात नव्हता. दाराजवळच्या स्टुलावर मामी विणत बसायची. वाजवून झालं की सगळे तिच्याकडे बघायचे. ती मान वर न करता म्हणायची, “परत.” आणि खरंच जमलं असेल तर, “असू दे.” याहून मोठी शाबासकी त्या खोलीत नव्हती. नवीन माणसाला हे आधी सांगून ठेवावं लागे. एका पियानोवाल्याला सांगायचं राहिलं. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वाजवल्यावर त्याने ‘असू दे’ ऐकलं, कोट घातला आणि तरातरा निघून गेला. बासवाल्याने त्याला बसस्टॉपवरून समजूत घालून परत आणला.

अशा त्रेचाळीस रेकॉर्ड झाल्या. मग गोदामातला बल्ब बदलताना मामा शिडीवरून पडला आणि त्याचे वरचे पुढचे दोन दात गेले. ट्रॉम्बोन ओठांनी वाजतो, आणि ओठांना आधार दातांचा. दातांचे डॉक्टर म्हणाले, “आता वाजवण्यावर पाणी सोडा.”

“पाणी मी चाळीस वर्षं सोडतोय, डॉक्टर. दर धून झाली की,” मामा म्हणाला. ते खरंच होतं. फुंकून फुंकून नळीत वाफेचं पाणी साचतं, ते खालच्या छोट्या झडपेतून काढावं लागतं. डॉक्टरांना विनोद कळला नाही. आम्ही मात्र हसलो, आणि मामाने ट्रॉम्बोन पेटीत ठेवला तो सहा वर्षं. तो दुसऱ्यांच्या रेकॉर्ड काढत राहिला.

पेटी उघडली ती मामीमुळे. तिचा डावा कान गेला होता आणि उजवाही चालला होता. कानाचे डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. त्या दिवशी घरी आल्यावर मामाने नवे दात बसवून घ्यायचं ठरवलं. मला म्हणाला, “तिचा कान जायच्या आत मला एक ‘असू दे’ हवंय. खरं. कीव करून दिलेलं नको.”

“आणि तिला ऐकूच आलं नाही तर?”

“तर ती गोड बोलेल. मग कळेलच.”

पाच महिने तो रोज सकाळी एकेक सूर लांबवत बसायचा. सुरुवातीला नुसती हवा फुसफुसायची. मी बाहेरच्या खोलीत ओठ घट्ट मिटून बसायची, कारण मला रडू यायचं. त्याच्या तोंडावर मात्र शंकेची रेघही नव्हती.

ध्वनिमुद्रणाला दुपारी बँडमधले जुने तिघे आले, मामापेक्षा तिप्पट म्हातारे झालेले. मामी उजवा कान पुढे करून स्टुलावर बसली. मामाने वाजवलं. मी सांगते, भरून आलं. ड्रमवाला चक्क डोळे पुसत होता. बासवाला म्हणाला, “काय वाजवलंस रे!” मीसुद्धा मिक्सरमागून ओरडले, “मामा, हेच ठेवायचं!”

मामाने आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही. तो मामीकडे बघत होता. तिच्या सुया थांबल्या होत्या. आता ती हसेल, गोड काहीतरी बोलेल आणि सगळं संपेल, असं वाटलं.

मामीने मान वर केली नाही.

“परत,” ती म्हणाली. “तो खालचा सूर उतरला.”

मामा नव्या दातांनी तोंडभर हसला. त्याने झडप दाबून पाणी सोडलं, ट्रॉम्बोन उचलला आणि मला म्हणाला, “चल गं, लाव परत.”