न लावलेला पाय

वन्सं गेल्याची बातमी आता सगळीकडे पोचली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गेल्या आठवड्यात भर दुपारी एक माणूस कमरेत वाकलेला, एक हात पाठीवर दाबून आमच्या घाटीच्या पायऱ्या चढून आला आणि पडवीच्या खांबाला टेकून म्हणाला, "सुलूबाय हायत काय? उसण भरलीय." लांज्याच्या पलीकडचा, चिरेखाणीवर काम करणारा गडी होता. त्याला धड बसता येईना, धड उभं राहता येईना. वन्सं महिन्यापूर्वीच गेल्या, हे मी त्याला सांगितलं. मग त्याने वर वाशाला बांधलेल्या दोरीकडे पाहिलं… आणि इतके दिवस पाहुण्यारावळ्यांच्या चहापाण्यात आवरून धरलेलं रडू मला त्या परक्या माणसासमोर फुटलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, मोहनची, थोरली बहीण. नाव सुलोचना, गावाची सुलूबाय. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या आणि या घराच्या झाल्या. त्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेल्या. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. पायाळूवर वीज पडते असंही मानतात, त्यामुळे लहानपणी आभाळ जरा गडगडलं की आई त्यांना शेतातून घरी पिटाळायची. "कामचुकारपणाचं लायसन घेऊनच आलेय मी," असं त्या हसत सांगत. प्रत्यक्षात कामाला वाघ. कवळाचे, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचे भारे, गवताचे भारे, शेणाच्या टोपल्या, आणि हंगामात बागेतून रस्त्यापर्यंत आंब्याचे क्रेट. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांच्या मागून घाटी उतरताना माझी रिकाम्या हातांनी दमछाक व्हायची, आणि त्या डोक्यावर भारा घेऊन मला वाटेतली झाडं दाखवत जायच्या.

पडवीत त्यांचा दवाखाना. चटई अंथरायची, आलेल्याला पालथं झोपवायचं आणि वाशाला बांधलेली काथ्याची दोरी दोन्ही हातांनी धरून पाय त्याच्या पाठीवर ठेवायचा. अंगाचा सगळा भार दोरीवर, पाय नुसता टेकलेला. भातलावणीत कंबर धरलेल्या बायका यायच्या, खाणीतले गडी यायचे, मिरकरवाड्याच्या बंदरातून बर्फ आणि माशांच्या टोपल्या वाहणारेसुद्धा एसटीने यायचे. कुणी नारळ आणायचा, कुणी फडक्यात बांधून सुके बोंबील. या मानाची वन्संना आवड होती, उगाच खोटं कशाला सांगू? गणपतीत कुणी त्यांना वगळून दुसऱ्या पायाळूचं नाव काढलं तर त्या आरती होईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

पायाळूला स्वतःला उसण भरत नाही, अशीही त्यांची पक्की समजूत होती. ती एकदा घाटीवरच मोडली. ओल्या चिऱ्यावरून पाय सरकला, डोक्यावरचा गवताचा भारा एका अंगाला गेला, तो सावरायला त्या वळल्या आणि तिथेच बसल्या. आता पायाळूच्या पाठीला पाय कुणी लावायचा? सगळ्या गावाला हा पेच पडला. शेवटी मोहनने त्यांना रत्नागिरीला नेलं. तिथे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिच्याकडे वन्सं बरेच दिवस जात राहिल्या आणि तिला त्यांनी प्रश्न विचारून विचारून भंडावलं. माझी पाठ जाऊ दे, माझ्याकडे येतात त्यांचं काय करू ते सांग, म्हणायच्या. पोरगीही मोठी समजूतदार. तुमचा पाय बंद करा, असं ती म्हणाली नाही. भार टाकू नका, आणि ज्याच्या पायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर वाटतो, त्याच्या पाठीला हातसुद्धा लावू नका, आमच्याकडे पाठवा, एवढं मात्र तिने बजावून सांगितलं.

तिथून परत आल्यावर वन्संनी पायाला पथ्य जोडलं. पाय लावून घेतलेल्याने पुढची अमावास्या होईपर्यंत डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. दिवसा आडवं पडून राहायचं नाही, अंगणात का होईना फिरत राहायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा टेकू देऊन उठायचं. खालची वस्तू उचलायची तर कमरेत वाकायचं नाही, गुडघे मोडून बसायचं, ओझं पोटाशी घ्यायचं आणि मग उभं राहायचं. पथ्य मोडलं तर पायाचा गुण उतरतो! हे शेवटचं वाक्य त्यांच्या पदरचं. डॉक्टरने सांगितलेली विश्रांती कामाच्या दिवसांत कोण घेतो? पण पायाळूचं पथ्य मोडायला माणसं घाबरायची. लावणीतही त्यांनी एक खोड लावून दिली होती. ओळ बांधाला पोचली की सगळ्यांनी हात कमरेवर ठेवून मागे झुकायचं, वर बघायचं. "देवाला तोंड दाखवा गो," असं त्या ओरडायच्या आणि चिखलात उभ्या असलेल्या बायका हसत हसत आभाळाकडे तोंडं करायच्या.

मोहन या सगळ्याची टिंगल करायचा. ताय, तुझा पाय म्हणजे नाटक नि पथ्य म्हणजे दुसरा अंक, असं तो चारचौघांत म्हणायचा. कंबरेला गमछा करकचून आवळायचा आणि दोन-दोन क्रेट एकदम उचलायचा. गमछा आवळला की कंबर शाबूत, हे त्याचं शास्त्र. एका वर्षी ऐन काढणीत त्याची पाठ धरली. दोन दिवस त्याने कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंत धरून पडवीत आला आणि मुकाट्याने चटईवर पालथा पडला. वन्संनी दोरी धरली. मग नेहमीसारखं विचारलं, "पायाला मुंग्या येतात काय रे?" तो म्हणाला, येतात, आणि अंगठा आपला वाटतच नाही.

वन्संनी दोरी सोडली.

"मी पाय लावणार नाय," त्या म्हणाल्या. "गाडी बोलव. रत्नागिरीला जायचां."

बागेत आंबा तयार होऊन लटकलेला, माणसं खोळंबलेली, आणि ही म्हणते दवाखान्यात चल! मोहन भडकला. टिंगल केली त्याचा सूड घेतेय, असं त्याला वाटलं. सासूबाईंनाही तेच वाटलं. "परक्यांना लावतंस नि सख्ख्या भावाला नाय?" असं त्या म्हणाल्या. मी दोघींच्या मध्ये उभी होते आणि खरं सांगते, मलाही कुणाचं खरं ते कळत नव्हतं. मोहन संध्याकाळी रिक्षा करून खाडीपलीकडच्या एका पायाळू बाप्याकडे गेला. तिथे ना दोरी, ना प्रश्न. तो धिप्पाड माणूस सरळ त्याच्या पाठीवर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहन न्हाणीकडे जाताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली. ती सुटली हे त्याला कळलंच नव्हतं. पाऊल उचलत नव्हतं.

वन्संनी ते पाहिलं आणि त्या चप्पल उचलायलाही थांबल्या नाहीत. गाडी त्यांनीच आणली. सगळ्या वाटेवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि मोहनने पूर्ण वेळ तोंड सीटच्या पाठीकडे फिरवलं होतं. ऑपरेशन झालं. अजून उशीर केला असता तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोहन चालायला लागला. जरा लंगडतो, पण चालतो. क्रेट उचलणं संपलं. आता तो रोपवाटिकेत उंच फळीपाशी बसून कलमं बांधतो आणि त्यात त्याचा हात बसला आहे.

त्या दिवसाबद्दल मात्र बहीण-भाऊ कधी बोलले नाहीत. चुकलो असं त्याने म्हटलं नाही, की सांगितलं होतं ना असं वन्संनी म्हटलं नाही. रोज संध्याकाळी वन्सं चटई अंथरायच्या, मोहन पालथा पडून शिकवलेले व्यायाम करायचा, आणि त्या शेजारी सुपारी कातरत बसायच्या. एखादा प्रकार त्याने गाळला तर अडकित्ता थांबायचा. बस, तेवढंच. मी कितीदा त्याला म्हटलं, एकदा बोल त्यांच्याशी. बोलेन, म्हणायचा. त्याला वाटत होतं वेळ आहे… एका दुपारी वन्सं जेवून हात धुवायला उठल्या आणि मागच्या दारात कोसळल्या. चूळ भरायचीही राहिली.

तर तो खाणीतला गडी. मी डोळे पुसते आहे तोवर मोहन रोपवाटिकेतून आला. त्याने काही न विचारता चटई अंथरली. वन्सं गेल्यापासून ती गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. गड्याला धरून पालथं झोपवलं आणि विचारलं, "पायाला मुंग्या येतात काय?" नाय, फक्त पाठ, तो म्हणाला. मग मोहनने त्याला सगळं पथ्य सांगितलं. ओझं, कुशीवर वळणं, पोटाशी धरणं, अंगणातल्या फेऱ्या, त्याच क्रमाने. उद्या रत्नागिरीला जाऊन दाखवून ये, असंही सांगितलं. गड्याने ऐकून घेतलं, पण त्याचं मन भरलं नाही. मान वळवून त्याने दोरीकडे पाहिलं.

"पन पाय कोन लावणार आता?"

मोहनने आपला उजवा पाय जरा पुढे घेतला.

"मला नाय लावलान तिने," तो म्हणाला. "म्हणून चालतंय मी."

मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. हे वन्संनी ऐकायला हवं होतं. हे वाक्य त्यांच्या हक्काचं होतं आणि ते एका अनोळखी माणसाला मिळालं, याचं मला वाईट वाटलं. पण मोहनच्या तोंडून ते निघालं, याने आत कुठेतरी बरंही वाटलं. गडी सांगितलं तसा कुशीवर वळला, हाताचा टेकू दिला, आणि वर हात करून वन्संच्या दोरीला धरून हळूहळू उभा राहिला.