दारापाशची रांग

ती तुरीची पोती आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. संख्याशास्त्रात पदवी घेऊन मी पोलिसात गेलो तेव्हा वडील चिडवायचे, ‘आता चोर सरासरी काढून पकडणार का?’ बरीच वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दुधनीत मिळालं.

तिथल्या पोलीस दूरक्षेत्राची, म्हणजे चौकीची, जबाबदारी माझ्याकडे होती. एका सकाळी नाव न सांगता कुणीतरी फोन केला. बचत गटाच्या बायकांनी गोदामातल्या तुरीत खडे मिसळलेत, खरेदीदाराचा माणूस आज माल बघायला येतोय, तुम्हीही या. डायरीत नोंद करायला लावून मी हवालदाराला घेऊन निघालो.

सोलापूरच्या खरेदीदाराचा माणूस दारापाशच्या पोत्यांत पोकळ लोखंडी नळी खुपसून तूर काढत होता. माल असाच बघायची तिथली रीत. ज्या पोत्यात नळी गेली त्यातून खडे आले, एकही पोतं सुटलं नाही. त्या माणसानं खरेदीदाराच्या वतीनं लगेच गटाच्या अध्यक्षबाईंविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. गटातल्या सगळ्या बायकांची वर्षाची तूर त्या पत्र्याखाली होती. बाईंना अटक झाली असती तर माल मातीमोल गेला असता आणि गटही मोडला असता.

मी चौकशीला सुरुवात केली. गोदामाचा मॅनेजर गोड बोलणारा, त्यानं आधी चहा मागवला. सगळ्या पोत्यांत खडे निघाले, आता आणखी काय बघायचं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्या नाही, दारापाशच्या. त्यावर तो म्हणाला की मागची थप्पी पार पत्र्याला टेकलीय, हमालांचा दिवस जाईल, कशाला उगाच त्रास.

अध्यक्षबाई रडल्या नाहीत, चिडल्या होत्या.

“सायब, दारातलीच का बगता? मागची बी फोडा की. आमी नको म्हनलो व्हय?”

नोकरीत एक गोष्ट मी हजारदा पाहिली आहे. दोषी माणसाला तपास लवकर आटपायला हवा असतो, निर्दोष माणूस म्हणतो अजून बघा. मॅनेजरवर माझी नजर तिथंच बसली. पण नजर कोर्टात चालत नाही, पुरावा लागतो.

कॉलेजात शिकलेलं आठवलं. ज्याच्याबद्दल बोलायचं ते सगळं मिळून समष्टी, त्यातून उचललेली मूठ म्हणजे नमुना. हाताला येईल तिथून मूठ उचलली तर ती हाताजवळचंच सांगते. प्रत्येक पोत्याला निवडलं जायची सारखी संधी हवी. मी पंचांना बोलावलं आणि गोदामाचे तीन भाग पाडले: दारापाशचा, मधला आणि मागच्या भिंतीचा. प्रत्येक भागातल्या रांगा आणि थर मोजून चिठ्ठ्या केल्या, हवालदाराच्या जेवणाच्या डब्यात घातल्या आणि एका पंचाला डोळे मिटून उचलायला सांगितल्या.

हवालदार हळूच म्हणाला, “साहेब, भिशी फोडताय काय?”

हमालांनी कुरकुरत थप्प्या हलवल्या. मधल्या भागातलं पहिलं पोतं उघडलं, तूर स्वच्छ. दुसरंही तसंच. मागच्या भिंतीपाशी अगदी तळाच्या पोत्याची चिठ्ठी निघाली, तिथलीही तूर सोन्यासारखी. खडे होते ते फक्त दारापाशच्या रांगेत. खरेदीदाराचा माणूस म्हणाला, शेवटी आलेली पोती दारापाशी राहतात, ती आणणाऱ्या एकाच बाईनं लबाडी केली असेल. शंका रास्त होती. म्हणून मी पोत्यांची तोंडं निरखली. मागच्या पोत्यांना दाभणाच्या भोकांची एकच ओळ होती, दारापाशच्या प्रत्येक पोत्याला दोन. घरूनच खडे घालून आणले असते तर ओळ एकच असती; इथं एकदा शिवलेली तोंडं उसवून पुन्हा शिवली होती, आणि गोदामाची किल्ली एकट्या मॅनेजरकडे असायची.

मी त्याला समोर बसवून एवढंच विचारलं, “तोंडं कुणी उसवली?” त्यानं चहाचा रिकामा कप बाजूला सारला आणि सगळं सांगून टाकलं. त्याचा मेहुणा तुरीचा व्यापारी. माल नाकारला गेला की मेहुणा तो पडेल भावात उचलणार होता. सगळी तूर नासवायची गरजच नव्हती. नळी कायम दारापाशीच घालतात, म्हणून तेवढीच रांग बिघडवली. सकाळचा फोनही त्याचाच. दोघांना अटक झाली, दारापाशची रांग मुद्देमाल म्हणून सील केली. खरेदीदारानं बाईंची माफी मागून बाकीची तूर ठरल्या भावानं उचलली. ट्रक हलला तेव्हा बायकांनी मला पेढा भरवला. खाकीत एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल!

घरी फोन करून वडिलांना सांगितलं, चोर सरासरी काढून नाही, चिठ्ठ्या टाकून पकडला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर कुणी ‘सगळे हेच म्हणतात’ असं सांगितलं, की मी विचारायचो, सगळे म्हणजे कोण आणि कुठं उभे असलेले? या सवयीनं मला पुढं कितीतरी वेळा चुकीच्या दारातून परत फिरवलं.

पुढच्या हंगामात सहज त्या गोदामावर गेलो. नवा खरेदीदार आला होता. त्यानं सवयीनं दारापाशच्या पोत्याकडे नळी नेली. अध्यक्षबाईंनी त्याचा हात धरला आणि पदराखालून स्टीलचा डबा काढून त्याच्यापुढं धरला.

“आदी चिट्टी काडा, मग नळी घाला.”