ढोम्याचं बारसं

"मावशी, थांब! माशाचे पर कापू नकोस!" माझी बायको ओरडली. खारदांड्याच्या मासळीबाजारात एरवी कोळणी डोक्यावरच्या विमानाचाही आवाज दाबतात. पण या आरोळीनं त्याही गप्प झाल्या. एक मांजर तोंडातली मांदेली टाकून पळालं. पटत नसेल तर सोडून द्या.

पण तोवर कोयता चालला होता.

बायको विलेपार्ल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आदल्या रविवारी तिला मावशीच्या याच टोपलीत एक ढोमा मासा दिसला. अंगावर पिवळा पट्टा, हनुवटीला एकुलती एक मिशी. असला ढोमा कुठल्याच पुस्तकात नाही म्हणे. तिनं पिशवीतून भिंग काढेपर्यंत एका गिऱ्हाइकानं तो नेला. ही त्याच्या मागे पार सांताक्रूझपर्यंत धावली. लोकांना वाटलं पाकीटमार, म्हणून तेही धावले. तो बिचारा रिक्षात बसून सुटला.

मग तिनं मावशीला बजावलं, "असा परत आला की माझ्यासाठी ठेव हां. याचं बारसं करायचंय."

नवी जात ठरवायची तर मासा अख्खा लागतो. पोहायच्या परांमधले काटे मोजायचे, खवल्यांच्या ओळी मोजायच्या, मग लॅटिन नाव. त्यात स्वतःचं नाव घालायची रीत नाही, दुसऱ्याचं चालतं. आता दुसरा म्हणजे कोण? आठवडाभर मी भांडी घासली, सासूबाईंना आपणहून फोन केला, आडनावाला लॅटिन शेपूट लावून आरशासमोर म्हणून पाहिलं. थेट रोमचा सेनापती!

आणि आता माझं अमरत्व मावशीच्या पाटावर पडलं होतं. बिनपराचं, बिनखवल्याचं, तुकडे करून.

"अगं, ठेव म्हणाले होते ना!"

"मग ठेवतेच हाय ना! परक्याला कापून देते, घरच्या गिऱ्हाइकाला कापून ठेवते. आणि बारशाला पर कशाला गो? माझ्या पोरांना काय पर होते?"

सगळा बाजार खिदळला. बायको हसली नाही. "अख्खा दाखवल्याशिवाय तो नवा आहे हे कोणी मानणार नाही गं," म्हणत ती पाटावरचे तुकडे जुळवू लागली.

मग मीच पुढे झालो. "मावशी, असा आणखी एखादा असेल ना? न कापलेला?"

मावशीनं बर्फाच्या पेटीचं झाकण उचललं, आत पाहिलं.

"पाच होते. सगळे साफ केले."