विनिताताईंची एकादशी

निर्मळची जत्रा कार्तिकातल्या वद्य एकादशीला सुरू होते. माझं सासर तिथून चालत वीस मिनिटांवर, वाघोलीच्या बाजूला. त्यामुळे जत्रेचे पाहुणे हे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठं प्रकरण. दादरचे येतात, पालघर-डहाणूचे येतात, आणि नातं नेमकं कुठून लागतं ते कुणालाच सांगता येत नाही असेही दोन-चार येतात. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासऱ्यांना विचारलं होतं, "मामंजी, किती पानं धरायची?" ते म्हणाले, "धरायची नाहीत. येतील तशी वाढायची."

वाढणाऱ्या म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, विनिताताई. आम्ही दोघं पुढे एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहायला गेलो. वाघोलीच्या घरात थोरले दीर हरिभाऊ आणि ताई एवढीच माणसं उरली. हरिभाऊंची बायको लवकर गेली. ताईंचं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी पाहणं झालं, जमलं नाही, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि तो विषय मागे पडला तो पडलाच. केळीची वाडी, विहीर, दोन गाई, देवघर, हे सगळं ताई बघतात. राजेळी केळ्यांची सुकेळी करावीत तर त्यांनीच. उन्हात किती दिवस ठेवायची आणि कधी उलटायची हे त्यांना हाताला कळतं. पाहुण्यांच्या हातात जाताना सुकेळ्यांचा पुडा पडला नाही असं आजवर झालेलं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. जत्रेच्या दिवशी दाराला कडी घालायची नाही. वाटेने जाणारा कुणीही ओटीवर टेकतो, पाणी पितो, ओळख निघाली तर जेवूनही जातो. म्हणजे कुणीतरी घरी थांबायला हवंच. तसं थांबायच्या त्या ताई. मला आधी वाटायचं, यांना गर्दी आवडत नसेल. खरं काय ते शेजारच्या वाडीतल्या बर्थाने सांगितलं. बर्था आणि ताई एका शाळेतल्या, एका बाकावरच्या.

एकोणसत्तर साली ताई सतरा वर्षांच्या होत्या. दुपारी सगळे जत्रेला गेले आणि ताईंना घरी ठेवलं. बर्था आली आणि म्हणाली, "चल गो, पाळण्यात बसून येऊ." ताईंनी कुलूप लावलं आणि गेल्या. तासाभराचाच प्रश्न. नेमक्या त्या तासात सुमनआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, दादरहून पोरांना घेऊन आल्या. दाराला कुलूप बघितलं आणि ओटीवर न टेकता तशाच परत फिरल्या. पुढे तीन वर्षं त्यांनी माहेरचं पाणी घेतलं नाही. ताईंना कुणी बोललं नाही म्हणे. पण पुढच्या वर्षी जत्रेच्या दिवशी त्या आपणहून घरी थांबल्या, आणि मग थांबतच राहिल्या. तीस वर्षं.

त्यांना घरी ठेवून जत्रेला जाणाऱ्यांतली मीही एक. दरवर्षी चांगली साडी नेसून जायचे, येताना ताईंना बांगड्या आणायचे आणि आपण त्यांची आठवण ठेवली म्हणून मनात बरं वाटून घ्यायचे.

मी सांगतेय त्या वर्षी श्रावणात हरिभाऊंना वाडीत घोणस चावली. केळीखाली सुकी पानं गोळा करत होते. आठ दिवस दवाखान्यात होते, त्यातले दोन फार वाईट गेले. देवाच्या कृपेने वाचले. कार्तिकात एकादशी आली ती शुक्रवारी. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली आणि हरिभाऊंना बघायला म्हणून, जत्रेला म्हणून, सगळं गणगोत लोटलं. गुरुवारी संध्याकाळीच अकरा माणसं होती. शुक्रवारी सकाळी नऊला एकोणीस.

अकराच्या सुमारास मी ताईंना चहा नेऊन दिला. त्या कप घेऊन मागच्या दाराने वाडीत गेल्या. मी रताळी धुवायला मागून गेले, तर ताई चहा केळीच्या बुंध्याशी ओतत होत्या.

"ताई, हे काय? साखर जास्त झाली का?"

"हळू बोल."

"अहो पण..."

"संपदा, सांगते, पण तोंडातून काढायचं नाही." मी हो म्हटलं. त्यांनी कप विसळला. "हरिभाऊ दवाखान्यात होता तेव्हा बोलले होते देवाला. एकादशीला चालत येईन, दर्शन घेईन, मगच पाणी. सकाळी चारला अंघोळ करून तयार होते. पहाटे गर्दी नसते. तर आत्यांना ऊन पाणी हवं झालं. मग त्यांची सून उठली. मग गाईंच्या धारा. उजाडलंच."

"म्हणजे सकाळपासून पाणीसुद्धा नाही? मग आत्ता जा. मी आहे ना."

"एकोणीस माणसांची खिचडी व्हायचीय. आणि हे पाहुण्यांना कळलं तर त्यांच्या घशाखाली घास उतरेल का? जाते. सगळ्यांचं झालं की जाते."

आता यात समजण्यासारखं एवढंच आहे की आमच्याकडे सगळ्यांचं कधी होत नाही. पहिली पंगत फराळाची. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. पोरांना उपास नाही म्हणून वरण-भात वेगळा. एक तुकडी जत्रेला गेली ती "तासाभरात येतो, मग तू जा हो" असं सांगून गेली आणि तीन तासांनी आली. आल्यावर त्यांना भूक. ताई चुलीपाशी उभ्या. सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई जेवली की नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. मलाही एरवी आलं नसतं. त्या दिवशी मात्र मला दुसरं काही दिसेना. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पाण्याचा तांब्या भरून त्या एकेकाला देत होत्या.

"विनू, तुझा घसा बसलाय गं," आत्या झोपाळ्यावरून म्हणाल्या. "गार पाणी पीत जाऊ नकोस."

"नाही पीत, आत्या," ताई म्हणाल्या.

साडेचारला ओटी जरा मोकळी झाली. मी ताईंना आतल्या खोलीत ढकललं. त्यांनी हिरवी नऊवारी काढली, सासूबाईंची. नेसून, हातात नारळ घेऊन त्या पायरी उतरल्या आणि फाटकाशी टेंपो थांबला. त्यातून आत्यांच्या सुनेच्या माहेरची सात माणसं उतरली. "म्हटलं जत्रेला आलोच आहोत तर विनिताताईंच्या हातचं खाऊनच जाऊ."

ताईंनी नारळ माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "या, या. पाय धुवा."

माझ्याने राहवलं नाही. मी वचन दिलं होतं, ते मला आठवतही होतं. तरी मी ओटीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. नवस आहे. दर्शन झाल्याशिवाय घेणार नाहीत."

टेंपोतून उतरलेली माणसं चपला काढता काढता थांबली. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी नारळाकडेच बघत राहिले.

"कसला नवस?" हरिभाऊंनी विचारलं. ताई पाय धुवायच्या पाण्याची बादली भरू लागल्या. मग हरिभाऊंना आपलं आपणच कळलं. त्यांनी आपल्या पायाकडे, जिथे चावली होती तिथे, एकदा बघितलं. "सकाळपासून मी चार वेळा चहा मागितला तुझ्याकडे," ते म्हणाले. "मला सांगायचंस तरी. मी घरी बसलो असतो."

"आणि चहा कुणी केला असता?" ताई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. आत्या हसल्या नाहीत. झोपाळा थांबवून त्या उठल्या. पंचाहत्तरीच्या बाई, गुडघे धरून उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलणार. बोलल्याच.

"नवस बोलायचा तर वेळेवर फेडायचा, विनू. देवाला काय उष्टी वेळ देणार आहेस? जा."

"आत्या, दाराशी..."

"दाराशी मी आहे. माझंच माहेर आहे ना हे? जा म्हणते ना!"

हरिभाऊ स्कूटर काढायला निघाले. ताई म्हणाल्या, चालत जायचं बोलले आहे. तेव्हा तेही चपला घालून निघाले. दोघं वाडीच्या वाटेने गेली. ताई पुढे, हरिभाऊ मागे, जरा लंगडत.

मग आमची तारांबळ. आत्यांनी ओटीवर खुर्ची मांडली आणि येईल त्याला "बसा" म्हणू लागल्या. एवढंच त्या करू शकत होत्या आणि ते त्यांनी जोरात केलं. मी खिचडी केली. साबुदाण्यावर पाणी जास्त पडलं होतं, त्याचा गोळा झाला. मीठ कुठल्या डब्यात, दाण्याचं कूट कुठल्या डब्यात, सगळं ताईंच्या हाताला माहीत, माझ्या नाही. बर्था आली आणि गोळा बघून म्हणाली, "गो बाय, ही खिचडी आहे की लापशी?" पण कमरेला टॉवेल गुंडाळून तिने पंचवीस कप विसळून दिले.

सव्वासातला दोघं परत आली. हरिभाऊच सांगत होते. रांगेत दीड तास गेला. पुढच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली तर ही म्हणते, तुम्ही प्या, तुम्हाला तहान लागली असेल. दर्शन झाल्यावर ही तळ्याच्या पायरीवर बसली. पाणी प्यायली आणि उठेचना. "म्हटलं, चल, घरी माणसं आहेत. तर म्हणे, बस जरा. पंधरा मिनिटं नुसती येणारी-जाणारी माणसं बघत बसली."

ताई तोवर स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. पातेल्याचं झाकण काढून म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"तुझ्या भावजयीने," आत्या बाहेरून म्हणाल्या. "शिरा म्हणून वाढ."

सगळे हसले, मीही हसले. ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. शनिवारी नाही, द्वादशीचं पारणं वाढतानाही नाही. रविवारी निघताना त्यांनी सगळ्यांसारखा मलाही सुकेळ्यांचा पुडा दिला. हे रिक्षा आणायला पुढे गेले होते. मी फाटकाशी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगायला नको होतंस."

"सांगितलं नसतं तर तुम्ही गेला नसता."

"नसते गेले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गेले असते, पाणीही तेव्हाच घेतलं असतं. पण ते माझं आणि देवाचं राहिलं असतं. आता तीस माणसांचं झालं."

पुष्कळ दिवस मी देवापुढे बसले की हेच मनात यायचं. मी वचन मोडलं ते ताईंसाठी, की इतक्या वर्षांच्या बांगड्यांची माझी मलाच लाज वाटली म्हणून? दोन्ही असेल. कधी वाटतं, योग्य केलं. कधी वाटतं, ज्या बाईपाशी स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, ते मी चव्हाट्यावर मांडलं.

पुढच्या वर्षी मी म्हटलं, ताई, यंदाही जा. त्या म्हणाल्या, "नवस फिटला. आता कशाला?" त्यांना खरंच जायचं नव्हतं. तेव्हा मी निराळं सांगितलं. चार ते सहा घर माझं. जत्रेला जा, बर्थाकडे जा, विहिरीवर जाऊन बसा, पण चुलीपाशी यायचं नाही. त्यांनी खूप वाद घातला. पहिल्या वर्षी वीस मिनिटांत परत आल्या, दूध उतू जाईल म्हणून. दुसऱ्या वर्षी पाऊण तास.

आता जातात. कुठे जातात ते मी विचारत नाही, त्याही सांगत नाहीत. मला अजून वीस माणसांचा अंदाज येत नाही, काहीतरी कमी पडतंच, आणि पाहुणे तसं तोंडावर सांगतात. आत्या ओटीवर खुर्ची टाकून दाराकडे तोंड करून बसतात. सहाच्या आधी ताई फाटकाशी दिसल्या की तिथूनच ओरडतात, "अगं, अजून वेळ आहे! जा परत!"